डाव्या हातात

रविवारी काळे कपडे घालून आम्ही चर्चला जातो,
अंबोन बेटावर वडीलधाऱ्यांची तीच रीत.
पापांगीकार सगळे मिळून म्हणतो, एका सुरात,
म्हणजे कुणाचं पाप कुठलं ते ऐकू येत नाही.
मग पाळकबाई हात उचलतात. क्षमा झाली.
बाहेर येऊन आम्ही भाजलेली मासळी खातो.

तेवीस वर्षं मला अशी दर रविवारी क्षमा झाली.
सारखं धुऊन कापड विरावं
तशी ती विरत गेली.
डाग होता तिथेच.

मी सुतार. दोमिंगुस लेकाहेना.
त्या जानेवारीत खाडीपलीकडच्या गावावर जमाव गेला
तेव्हा रॉकेलचा डबा माझ्याकडे होता.
काडी मी ओढली नाही.
हे वाक्य इतक्यांदा म्हटलंय
की रंधा मारल्यासारखं गुळगुळीत झालंय,
कुठे कूस लागत नाही.

त्या मशिदीचा पूर्वेचा खांब माझ्या बापाने तासलेला.
दोन गावांची आणभाक होती, पणज्याच्याही आधीची:
त्यांची मशीद उभी राहील तेव्हा लाकूड आमचं,
आमच्या चर्चवर छप्पर चढेल तेव्हा खांदे त्यांचे.
मी लहान, विचारलं, बाबा, त्यांच्या देवाला आपलं लाकूड चालतं?
रंध्यात अडकलेली ढलपी काढत बाप म्हणाला,
वाळवी दोघांकडे सारखीच येते. ओळंबा नीट धर.

आता मंडळीतले वडील सांगतात,
झालं गेलं कृपेखाली गेलं, दोमिंगुस.
त्यांच्यासाठी प्रार्थना कर, तेही प्रकाशात येवोत.
मी मान हलवतो.
त्या रात्रीचा प्रकाश मी पाहिलाय.
आमच्याकडूनच गेला होता.

मंगळवारी मचव्यात बसलो आणि पलीकडे उतरलो.
रुगाया रस्त्यावर लवंगा वाळवत होती,
चटयांवर चटया, अर्धा रस्ता तपकिरी.
वहाबची बहीण. वहाब नगारा काढायला आत गेला होता
आणि मग छप्पर बसलं.

मी उभ्यानेच सांगितलं. डबा, वाट, वारा कुठून होता ते.
शेवटी म्हणालो, आमच्या देवाने मला माफ केलंय म्हणतात.
ती लवंगा पालथ्या करत राहिली.
म्हणाली, करू दे. त्याचं जे देणं असेल ते त्याने सोडलं असेल.
माझं देणं तो परस्पर कसं सोडेल?
आमचा अल्लाही सोडत नाही. म्हणतो, ज्याचं त्याला विचार.

वेदीपाशी दान तसंच ठेवून आधी भावाकडे जा,
हे पाळकबाईंनी किती वेळा वाचून दाखवलं होतं.
मला वाटायचं भाऊ म्हणजे येरेमियास,
ज्याच्याशी माझा नारळांवरून तंटा आहे.

रुगायाने विचारलं, डबा कुठल्या हातात होता?

असं कुणी विचारलं नव्हतं. चौकशीला आलेल्यांनी नाही,
बायकोने नाही, मीही नाही.
मी उजवा पुढे केला.
तिने तो बघितला, बोटं, अंगठ्याचं काळं नख,
बाजारात मासा बघतात तसा, घ्यायचा नसलेला.

डोंगरावर ढग आले होते.
लवंग भिजली तर बुरशी धरते, वर्ष जातं.
तिने चटईचं एक टोक उचललं,
दुसरं माझ्याकडे ढकललं
आणि मी वाकलो तशी म्हणाली, त्या हाताने नको.

डाव्याने धरलं. सतरा चटया आत नेल्या.
पाणी तिने विचारलं नाही, मी मागितलं नाही.
निघताना एवढंच बोलली,
शनिवारीही वाळत घालणार आहे.

काल प्रभुभोजनात पेला माझ्यापाशी आला.
मी डावा हात पुढे केला.
थोडा द्राक्षरस सांडला, काळ्या कपड्यावर दिसला नाही.